रोजकीर्द की खतावणी? ॲप बनवण्याआधी हे ठरवा



दुकानदारांसाठी बिलिंगचं, उधारीचं ॲप बनवून विकायचं, हे स्वप्न घेऊन बरेच जण आपल्या बॅचला येतात. मागच्या बॅचमधला एक मुलगा मोठ्या अभिमानाने म्हणाला, "सर, बिलं रकमेप्रमाणे लावायचा कोड मी स्वतः लिहिला. तीन आठवडे लागले." मी विचारलं, "आणि या तीन आठवड्यांत किती दुकानदारांना भेटलास?" एकालाही नाही!

म्हणून आज स्पष्ट बोलतो. जे लायब्ररीत तयार आहे ते पुन्हा लिहीत बसणं हा तोट्याचा धंदा आहे. पण तयार गोष्टींपैकी कोणती घ्यायची, हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल.

जावाचं उदाहरण घ्या. १९९८ मध्ये जावा १.२ सोबत कलेक्शन्स फ्रेमवर्क आलं. त्याचं डिझाइन जोशुआ ब्लॉक यांचं. त्यात माहिती ठेवायच्या पद्धती आहेत आणि त्या माहितीवर चालणारे अल्गोरिदमही आहेत.

पद्धती समजायला आपली जुनी चोपडी आठवा. रोजकीर्दीत व्यवहार होतील तसे एकाखाली एक लिहायचे. ही झाली अ‍ॅरेलिस्ट. खतावणीत ज्याच्या त्याच्या नावाचं पान. हा झाला हॅशमॅप. समजा, तुमच्याकडे ५,००० ग्राहक आहेत आणि मोबाइल नंबरवरून उधारी काढायची आहे. लिस्टमध्ये नशीब खराब असेल तर पाचही हजार नोंदी तपासाव्या लागतात. मॅपमध्ये बहुतेक वेळा थेट पान उघडतं. मात्र हॅशमॅप क्रमाची हमी देत नाही. नोंदी क्रमवार हव्या असतील तर ट्रीमॅप घ्या, आल्या त्याच क्रमाने हव्या असतील तर लिंक्डहॅशमॅप.

आता अल्गोरिदम. क्रम लावायला एक ओळ पुरते: कलेक्शन्स.सॉर्ट. २०११ च्या जावा ७ पासून त्यामागे टिमसॉर्ट आहे, जो टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी लिहिला होता. यादीचा काही भाग आधीच क्रमात असेल तर तो त्याचा फायदा उठवतो. बायनरी सर्च तर १० लाख नोंदींमधून साधारण २० तुलनांत हवी ती नोंद शोधतो. अट एकच, यादी आधी क्रमात लावलेली हवी. नसेल तर उत्तर चुकू शकतं, आणि प्रोग्राम तुम्हाला सांगतही नाही.

कोणी म्हणेल, "सर, स्वतः लिहिलं की शिकायला मिळतं." शंभर टक्के मान्य. रविवारी बसून जरूर लिहा. पण ते ग्राहकाला विकू नका. जावातला बायनरी सर्च खुद्द ब्लॉक यांनी लिहिला होता. त्यातही एक चूक होती. यादी प्रचंड मोठी झाली की मधली जागा काढताना केलेली बेरीज मर्यादेबाहेर जायची. ही चूक साधारण नऊ वर्षं लपून राहिली. २००६ मध्ये ब्लॉक यांनीच ती जाहीरपणे सांगितली. लायब्ररीत दुरुस्ती झाली की ती वापरणाऱ्या सगळ्यांना नवीन आवृत्तीसोबत मिळते. तुमच्या कोडमधली चूक कोण शोधणार? तुमचं गिऱ्हाईक, तेही दिवाळीच्या गर्दीत!

तर आजचा होमवर्क. कोड लिहिण्याआधी, किंवा डेव्हलपरला ॲडव्हान्स देण्याआधी, एका दुकानात तासभर उभे राहा. वहीत तीन गोष्टी लिहा: दुकानदार काय शोधतो? कशावरून शोधतो? कोणत्या क्रमाने बघतो? मग डेव्हलपरला विचारा, "इथे लिस्ट का? मॅप का नाही?" त्याला साध्या शब्दांत कारण सांगता आलं नाही, तर ॲडव्हान्स खिशातच ठेवा.

तुमची तीन उत्तरं कमेंटमध्ये लिहा. मी वाचतोय. भेटू पुढच्या व्हिडिओत!