परवाना बियाण्याच्या पिशवीआधी हवा

'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस 1' हे जनुकसंपादित भातवाण 4 मे 2025 रोजी दिल्लीत जाहीर झाले. सांबा महसुरी या वाणाच्या दाण्याची प्रत राखून लोंबीतले दाणे वाढवणारे आणि पीक सुमारे 20 दिवस आधी कापणीला आणणारे हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचे 'कमला'वरील काम मोलाचेच आहे. पर्यावरण मंत्रालयाने 30 मार्च 2022 च्या आदेशाने परकीय जनुक नसलेल्या एसडीएन-1 आणि एसडीएन-2 प्रकारच्या जनुकसंपादित वनस्पतींना 1989 च्या जैवसुरक्षा नियमावलीतील नियम 7 ते 11 मधून सूट दिली नसती, तर हे वाण इतक्या लवकर इथवर पोचले नसते.

ही सूट जैवसुरक्षेपुरती आहे. क्रिस्पर-कॅस9 या जनुकसंपादन तंत्रावरचे पेटंटहक्क तिने सुटत नाहीत.

भारतीय पेटंट कायद्याचे कलम 3(जे) वनस्पती, बियाणे, वाण यांना पेटंट नाकारते, म्हणून आपण निर्धास्त असतो. तंत्राला मात्र पेटंट मिळू शकते. कलम 47 मुळे प्रयोगासाठी ते वापरता येते. बियाणे विक्रीला आले की ही सवलत संपते. शिवाय कलम 48 नुसार प्रक्रियेचा पेटंटधारक त्या प्रक्रियेतून 'थेट' मिळालेल्या उत्पादनाची विक्रीही रोखू शकतो. मग संपादन झाले एका रोपात आणि विकले जाते त्याच्या कित्येक पिढ्यांनंतरचे बियाणे, ते 'थेट' ठरते का? कायद्याच्या मजकुरात याचे उत्तर नाही. बीटी कापसाच्या पेटंटवरचा मोन्सँटो-नुजिवीडू खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 2019 मध्ये परत खाली आला आणि शेवटी तडजोडीत मिटला. निकालाची वाट पाहणाऱ्यांच्या हाती काहीच लागले नाही.

शेतकऱ्याचा हक्क मात्र पक्का आहे. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याचे कलम 39 त्याला बियाणे राखण्याची, पेरण्याची, देवाणघेवाणीची, ब्रँड न लावता विकण्याचीही मुभा देते. पेटंटच्या परवान्याच्या करारातली एखादी अट या हक्काला आडवी येणार असेल, तर तो करार सार्वजनिक संस्थेने करूच नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. उद्या कोणी आजरा घनसाळ हा पारंपरिक भातवाण संपादित करायला घेतला, तर त्याच कायद्याचे कलम 43 लक्षात ठेवावे: शेतकऱ्यांच्या वाणातून निपजलेल्या वाणासाठी त्यांची संमती लागते, आणि ती काम सुरू होण्याआधी मागणे हाच सभ्यपणा.

कृषी विद्यापीठांतल्या पैदासकारांना आमची विनंती आहे. संपादनाचे साधन कोणते, ते कोणाकडून आणि कोणत्या अटींवर आले, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने जाहीर झालेल्या दोन्ही वाणांच्या परवान्याच्या अटी बियाणे बाजारात येण्यापूर्वी प्रसिद्ध कराव्यात.