रिकाम्या खुर्चीचा हिशेब

सन २००१. सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि देशभरातून सुमारे १ लाख कर्मचारी त्या दाराने बाहेर पडले. मी तेव्हा अंधेरी पूर्वेच्या एका शाखेत अधिकारी होतो. आमच्याकडून चौघे गेले. त्यांत एक दफ्तरी होते. त्यांना सगळे मामा म्हणत. जुनी लेजरे बांधणे, व्हाउचरे लावणे हे त्यांचे काम. पण पावसाळ्यात ते आणखी एक काम कुणी न सांगता करीत. मोठी सर आली की मागच्या नाल्यावर फेरी मारून येत आणि म्हणत, "साहेब, आज खालच्या फळीवरचं वर घेऊ या." या कामाची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. मामांची जागा न भरल्यास चालेल, असे वर कळवणाऱ्या पत्रावर सही माझीच होती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यात जेमतेम ७३. आमच्या शाखेत कमरेइतके पाणी शिरले. रोकड वाचली, पण लोकांनी विश्वासाने गहाण ठेवलेल्या घरांच्या कागदांचा लगदा झाला. मामा असते तर पूर थांबला नसता. खालच्या फळीवरचे वर मात्र नक्की गेले असते.

ही जुनी आठवण निघाली ती अमेरिकेतल्या बातम्यांमुळे. २०२५ साली खर्चकपातीच्या मोहिमेत तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेतून सुमारे ६०० माणसे कमी झाली. त्याच वर्षी ४ जुलैला टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदीला पूर आला. त्या पुरांत राज्यात १३० हून अधिक बळी गेले. वेधशाळा गाफील होती असे नाही. त्या रात्री कार्यालयात जादा माणसे होती, इशारेही निघाले. पण स्थानिक अधिकाऱ्यांशी बारा महिने संबंध राखून इशारा त्यांच्या गळी उतरवणे हे ज्यांचे काम, ते अधिकारी एप्रिलमध्येच मुदतपूर्व निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. ते असते तर किती जीव वाचले असते, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. रिकाम्या खुर्चीची हीच तर सोय आहे. तिला चौकशी समितीपुढे उभे करता येत नाही.

आपल्याकडे २००५ नंतर यंत्रे आली, आणि ती हवीच होती. त्या दिवशी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. आता कुलाब्याला आहे आणि २०२२ पासून अंधेरीजवळ वेरावलीलाही आहे. ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, पालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. बँकेत संगणक आले तेव्हा नाके मुरडणाऱ्यांत मी नव्हतो, आजही नाही. पण रडार ढग दाखवते. डोंगरउतारावरच्या कुठल्या चाळीमागची भिंत फुगली आहे, हे दाखवत नाही. घाटकोपरला जुलै २००० मध्ये आणि विक्रोळीला जुलै २०२१ मध्ये दरड झोपलेल्या वा घरात बसलेल्या माणसांवर आली. अशा वस्तीत दारावर नोटीस चिकटवून भागत नाही. भांडीकुंडी सोडून निघायला माणूस तयार होतो, तो ओळखीच्या माणसाने सांगितले तरच.

हे होऊ शकते, याचा दाखलाही घरचाच आहे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठी नदी धोक्याच्या वर गेली, तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरातून सुमारे साडेतीनशे लोकांना वेळेत हलवून पालिकेच्या शाळेत नेले. ते काम कुठल्याही यंत्राने केले नाही. भर पावसात दारोदार फिरणाऱ्यांनी केले.

आणि नेमकी हीच माणसे आपण कमी करीत आलो आहोत. महापालिकेत हजारो आणि राज्य शासनात लाखांनी पदे रिक्त आहेत. काही कंत्राटी माणसांनी भरली जातात. ती माणसे कष्टाला कमी नसतात. पण नाल्याची ओळख व्हायला चारदोन पावसाळे जावे लागतात आणि तोवर कंत्राट संपलेले असते. वर्षाअखेरी हे सारे आस्थापना खर्चातली बचत म्हणून दिसते.

बँकेत आम्हाला एक शिस्त होती. जे देणे आज नाही पण उद्या अंगावर येऊ शकते, ते ताळेबंदाच्या खाली वेगळे लिहावे लागे. ते लपवले तर तो गुन्हा. तोच नियम इथे का नसावा? आपत्ती व्यवस्थापन, पर्जन्य जलवाहिन्या, उदंचन केंद्रे, अग्निशमन दल यांत मंजूर पदे किती, भरलेली किती आणि रिकामी कधीपासून, हा तक्ता दर मे महिन्यात प्रत्येक वॉर्ड कार्यालयाबाहेर लागावा. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत नागरिकांनी तो उभे राहून वाचावा आणि आपल्या नगरसेवकाला जाब विचारावा. रिक्त पद ही बचत नव्हे, ते पुढे ढकललेले देणे आहे.

ते फेडायची पाळी येते तेव्हा सही करणारा कोरड्या जागी असतो. हे मी अनुभवाने सांगतो.