आई-वडिलांचा विसराळूपणा: मोबाइलची मदत किती आणि कशी?

“डॉक्टर, आईच्या मोबाइलवर मेंदूचे गेम टाकून दिलेत. रोज खेळते, तरी बीपीची गोळी विसरतेच!” ही तक्रार घेऊन येणारी मुलं-मुली हल्ली वाढली आहेत. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे घरच्यांची काळजी रास्त आहे. पण मोबाइलकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवायची?

गेम आणि रोजची कामं

गेम खेळल्याने माणूस त्या गेममध्ये तरबेज होतो. तो फायदा गोळ्या, गॅस, वीजबिल यांच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. ‘ल्युमॉसिटी’ या गेमच्या जाहिरातींतील दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा आक्षेप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतला होता. २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

मोबाइल आठवण करून देतो तेव्हा

अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. सौम्य स्मृतिदोष किंवा सुरुवातीचा स्मृतिभ्रंश असलेल्या ५२ जणांना त्यांनी स्मार्टफोन वापरायला शिकवलं. त्यांचं सरासरी वय ७५च्या आसपास होतं. काहींनी रिमाइंडर लावले, तर काहींनी करायची कामं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकली. चार आठवड्यांनंतर दोन्ही गटांनी रोजचा विसराळूपणा कमी झाल्याचं सांगितलं.

प्रयोग छोटा होता आणि फोन न वापरणारा गट त्यात नव्हता. त्यामुळे याला उपचार म्हणता येणार नाही. मोबाइल आजार थांबवत नाही. चष्म्याने डोळा बरा होत नाही, पण वाचता येतं. हेही तसंच.

घरी काय कराल?

• एकाच कामापासून सुरुवात करा. उदा. रात्री ८ची गोळी.
• अलार्मला मराठीत नाव द्या किंवा त्यांच्याच आवाजात सूचना रेकॉर्ड करा.
• अलार्म वाजला की आधी काम, मग अलार्म बंद. “नंतर घेते” म्हटलं की गोळी राहिलीच.
• गोळी घेतली की नाही, हे अलार्म सांगत नाही. म्हणून वारांचे कप्पे असलेली डबी सोबत ठेवा. नाहीतर एकच गोळी दोनदा घेतली जाते.
• बटणं त्यांनाच दाबू द्या. काही दिवस रोज सराव करून घ्या, रागावू नका.
• पिन किंवा पासवर्ड रेकॉर्ड करू नका.

आधी तपासणी

विसरणं वाढलं असेल तर अॅप शोधण्याआधी डॉक्टरांना भेटा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसरायला होतं आणि यांवर उपाय आहेत. ओळखीचा रस्ता चुकणं किंवा पैशांच्या व्यवहारात गोंधळ होणं हे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा पडला, तर थेट रुग्णालय गाठा.

गेममध्ये आईला मजा येत असेल तर खुशाल खेळू द्या. पण आज रात्री तिच्याजवळ बसून एक अलार्म तिच्याकडूनच लावून घ्या.