जेवण ओपीडीत होत नाही

मी आहारतज्ज्ञ असले तरी अ‍ॅनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडणाऱ्या, मुली कॅलरींचा हिशेब माझ्याहून चोख ठेवतात. चपाती किती ग्रॅमची, तिला तूप किती लागलं, सगळं त्यांना पाठ. अशा मुलीच्या हाती आहाराचा तक्ता देऊन ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणणं, याला मी उपचार म्हणायला तयार नाही. त्या पंधरा दिवसांतल्या प्रत्येक ताटापाशी ना मी असते, ना मानसोपचारतज्ज्ञ. असते ती रडकुंडीला आलेली आई.

आपल्याकडे उपासाची आड फार सोयीची. संकष्टी, गुरुवार, श्रावणी सोमवार, मग नवरात्र. गाल बसेपर्यंत घरात कौतुकच चालतं. पाळी थांबली की पहिली खेप स्त्रीरोगतज्ज्ञाकडे.

नाडी दिवसाही पन्नासच्या खाली असेल, पोटॅशियम उतरलं असेल, तर वॉर्डच हवा, यात वाद नाही. उपाशी शरीराला एकदम खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फरस घसरतं आणि हृदयावर बेततं. पण नाडी सुधारली, डिस्चार्ज मिळाला, की पुन्हा तेच घर, तेच ताट.

ओपीडी आणि वॉर्ड या दोहोंच्या मध्ये हवं ते डे केअर. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी जायचं. नाश्ता, जेवण, चारचं खाणं सगळ्यांनी एका टेबलावर. नर्सही तेच खाणार. खरी कसोटी जेवणानंतरच्या तासाची. पोट फुटेल असं वाटतं, खाल्लेलं ओकून टाकणाऱ्या बुलिमियाच्या मुलीचे पाय बाथरूमकडे ओढले जातात. तो तास पत्ते खेळत, गप्पा मारत, प्रसंगी रडत, कुणाच्या तरी सोबतीने काढायचा. रात्रीचं जेवण घरी. तिथे काय बिनसलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं. ही सोय वॉर्डात नाही.

टोरोंटोत हे १९८०च्या दशकापासून चालतं. जर्मनीत सहा केंद्रांतल्या १७२ किशोरवयीन मुलींचा अभ्यास २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन आठवडे वॉर्डात ठेवून काहींना डे केअरला पाठवलं, बाकीच्या वॉर्डातच राहिल्या. वर्षभराने पाहिलं तर डे केअरच्या मुली वजनात मागे नव्हत्या, आणि खर्चही कमी आला होता.

आमच्याकडे घोडं अडतं ते मेडिक्लेमवर. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवा. मोतीबिंदूला, डायलिसिसला चोवीस तास दाखल राहण्याची अट लागत नाही. मग दिवसभर हॉस्पिटलात जेवून संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलीला का लागावी? ‘क्लेम बसावा म्हणून अ‍ॅडमिट करा’ म्हणणारे वडील मला भेटतात. त्यांना काय दोष देऊ?

‘एवढे पेशंट आहेत कुठे?’ असं विचारतात. जिममध्ये जाऊन फक्त उकडलेली अंडी खाणारी मुलं आणि लग्नानंतर चोरून ओकणाऱ्या बायका मोजल्यात का कुणी? सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहे, बालरोग आहे, आहारतज्ज्ञ आहेत, स्वयंपाकघर तर आहेच. लागेल ती एक खोली, एक मोठं टेबल आणि दिवसभर तिथून न हलणारी नर्स. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दुपारी सुरू करा. वाढायला मी येते.