बियाण्याचा भाव विचारता, मग गोळीचा का नाही?

शेतकरी बंधूंनो, मृग जवळ आला की आपण कृषी सेवा केंद्राच्या दारात उभे राहतो. सरकीचे पाकीट उलटसुलट करून छापील किंमत वाचतो. दुकानदाराने वर पन्नास रुपये मागितले तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यापर्यंत जातो. खताच्या गोणीबरोबर नको ती बाटली गळ्यात मारली तर आवाज चढवतो. आणि हाच माणूस घरचे कोणी आजारी पडले की औषध दुकानात चिठ्ठी पुढे करून एवढेच विचारतो, "किती झाले?" कशाचे किती झाले, हे काही विचारत नाही.

जिवाचा प्रश्न असतो, घासाघीस करायची लाज वाटते, डॉक्टरसाहेब रागावतील अशी भीतीही असते. सगळे खरे. पण हा पैसा येतो कुठून? आपल्या बीड जिल्ह्यात कितीतरी घरांत तो मुकादमाच्या उचलीतून येतो. म्हणजे आज घेतलेल्या औषधाचे पैसे उद्या कोणाच्या तरी फडात कोयत्याने फेडायचे असतात. मग भाव विचारायला लाज कसली?

औषधांच्या किमतीला कायदा आहे. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली औषध किंमत नियंत्रण आदेश निघतात. १९७९ च्या आदेशात ३४७ मूळ औषधांवर नियंत्रण होते, १९९५ च्या आदेशात ती पाऊणशेच्या आसपास उरली. सध्या २०१३ चा आदेश चालतो. अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत दिल्लीचे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवते. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी स्वतः ठरवते, फक्त वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू शकत नाही. म्हणजे पहिलीच किंमत चढी लावली तर त्याला अटकाव नाही.

छापील किंमत ही वरची मर्यादा आहे, तिच्या खाली विकायला कोणाचीच बंदी नाही. काही साध्या कंपन्यांच्या गोळ्या दुकानदाराला फार स्वस्तात पडतात, पण पट्टीवर किंमत मोठी छापलेली असते. मग दहा टक्के सूट मिळाली म्हणून आपण खूश, आणि दुकानदार त्याहून खूश. सगळेच तसे नाहीत. गिऱ्हाइकाला आपणहून स्वस्त पट्टी काढून देणारेही आहेत. पण विचारल्याशिवाय कळणार कसे?

आता कात्रीचे पाहा. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या हव्या असल्या की दुकानदार कात्री चालवतो, आणि नाव, किंमत, मुदत छापलेला तुकडा बहुधा त्याच्याकडेच राहतो. आपल्या हातात चार निनावी गोळ्या! सुट्या गोळ्यांना पट्टीच्या हिशेबानेच पैसे घेतले पाहिजेत, असे २०१३ चा आदेश सांगतो. पट्टी ४२ रुपयांची असेल तर चार गोळ्यांचे १६ रुपये ८० पैसे. कापण्याआधी पट्टी हातात मागा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला बरोबर न्या. बिल घ्या. जास्त घेतले तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते, पण बिलाशिवाय ती उभी राहत नाही.

एकाच औषधाला कंपनीगणिक वेगळे नाव आणि वेगळा भाव असतो. डॉक्टरांनी शक्यतो औषधाचे मूळ नाव लिहावे, असे वैद्यक परिषदेचे नियम २००२ पासून सांगतात. ते सुवाच्य आणि मोठ्या अक्षरांत लिहावे, असे २०१६ मध्ये सांगितले गेले. तेव्हा म्हणा, "साहेब, मूळ नाव लिहून द्या, जनऔषधीत मिळते का बघतो." बहुतेक डॉक्टर रागावत नाहीत. मात्र महाग पडते म्हणून आपल्या मनाने रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी अर्धी करू नका, बंद तर मुळीच करू नका. परवडत नाही हे डॉक्टरांनाच सांगा, त्यांना दुसरे औषध सुचवता येते.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनो, तुमच्याकडेही काम आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळे त्यात आले. (अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने त्यात धरले नव्हते, तिथले नियम तिथे विचारावेत.) मग केंद्रातून बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी का मिळते? कोणते औषध संपले, कधी येणार, हे फलकावर लिहायला लावा. रुग्ण कल्याण समितीची बैठक होते का, तिच्या निधीतून औषधे घेतली का, हे ग्रामसभेत विचारा.

दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतील. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. रोजची गोळी चालू असलेल्यांची यादी आशाताईंकडून आताच करून घ्या आणि पुरेशा गोळ्या बरोबर देता येतील का, हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारा. ज्याची त्याची मूळ नावाची चिठ्ठी आणि रिकामी पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून शिधापत्रिकेजवळ ठेवायला सांगा. कारखान्याच्या गावात दुकानदाराने दुसरेच काही पुढे केले तर ती पट्टी त्याच्यासमोर ठेवता येईल.