पहिला झुरका

सकाळच्या कॉफीसोबत सिगार हवा तो सौम्यच, हे माझं ठाम मत. त्याचा कडकपणा बराचसा पान रोपावर कुठं वाढलं यावर ठरतो. शेंड्याची पानं ऊन खाऊन जाड, तिखट होतात. क्यूबात त्यांना ‘लिहेरो’ म्हणतात. बुडाशी वाढलेलं ‘व्होलादो’ मात्र पातळ, हलकं, चटकन पेटणारं. सकाळी त्याचाच भरणा जास्त हवा. आधी काळ्या कॉफीचा घोट, मग झुरका. धूर छातीत ओढायचा नाही, नुसता तोंडात घोळवायचा. जिभेवरच्या कडवटपणात भाजक्या शेंगदाण्यासारखी, किंचित गोडसर चव मिसळते. घाई केली की सिगार तापतो, चव करपते. मिनिटाला एक झुरका पुरे. कप रिकामा होतो तेव्हा टोकाला बोटभर पांढुरकी राख तशीच धरलेली असते, आणि मी पुन्हा आधण ठेवतो.