नाका, चेकपॉइंट आणि आपलं गेट

‘चेकपॉइंट’ला मराठीत काय म्हणायचं? डिक्शनरीवाले सांगतील ‘तपासणी नाका’. पण नाक्याने आपल्याकडे पहारा कधीच सोडलाय! मुळात नाका म्हणजे येणारा-जाणारा अडवायचा, माल बघायचा, जकात घ्यायची ती जागा. ‘नाकाबंदी’त तो अर्थ अजून शाबूत आहे. पण माणिकपूर नाक्यावर आज कोण कुणाला अडवतं? तिथे रिक्षा मिळते, चहा मिळतो, दोस्त भेटतात. सकाळी रोजंदारीसाठी उभे राहतात ते ‘नाका कामगार’. दहिसरचंच घ्या ना. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली, ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या गाड्यांचा टोलही माफ झाला, तरी लोक ‘दहिसर चेकनाका’च म्हणतात.

इंग्रजी शब्दाचा प्रवासही गमतीदार आहे. बर्लिनच्या ‘चेकपॉइंट चार्ली’तला चार्ली हा कुणी सोल्जर नव्हे. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, म्हणजे तिसरा नाका, एवढंच! ऑक्टोबर १९६१ मध्ये तिथे अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर उभे होते. जून १९९० मध्ये ती चौकी उचलली, आता टुरिस्ट फोटो काढतात.

आणि आपल्या डीबीएमएसच्या पेपरात? तिथे चेकपॉइंटचं मुख्य काम अडवणं नाहीच. मेमरीत बदललेला डेटा डिस्कवर लिहून ठेवायचा, म्हणजे सिस्टीम क्रॅश झाली तर अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. गेममध्येही तेच, मेलात तर इथून परत खेळा. सगळं थांबवून ठेवतो तो ‘बॅरियर’. सर्व थ्रेड्स येईपर्यंत कोणी पुढे सरकायचं नाही.

आता हॉस्टेलचं गेट बघू. मुलांच्या गेटवर चेकपॉइंट आहे, रजिस्टरमध्ये नाव-वेळ लिहा आणि चला. मुलींच्या गेटवर बॅरियर आहे, आणि तोही लवकर पडतो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘सेफ्टी’. आई-बाबांची काळजी खोटी नाही, मान्य. पण विरार लोकल लेट झाली आणि गेट बंद झालं, तर मुलगी कुठे उभी राहते? रस्त्यावर! मग सेफ्टी कुणाची, गेटची? युजीसीच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमांत तर स्पष्ट म्हटलंय, की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. (ते कुठल्या नोटीस बोर्डावर लागलेले आम्हाला तरी दिसले नाहीत.)

वॉचमन काकांवर आमचा राग नाही, ते सांगितलेलं काम करतात. आमचं म्हणणं इतकंच, की दोन्ही गेटवर एकच वेळ, एकच रजिस्टर ठेवा. उशीर झाला तर कारण लिहून आत घ्या, घरी फोन करायचा तर दोघांच्याही घरी करा. सबमिशनच्या आठवड्यात ट्रायल घ्यायला रेक्टर मॅडमची हरकत नसावी.